सोबतचा रकाना

गुरुवारी सकाळी साडेआठला स्नेहल औषधांचा फ्रीज उघडायची, आतल्या थर्मामीटरवरचा आकडा वहीत उतरवायची आणि पडद्याच्या इंजेक्शनची एक बाटली बाहेर काढायची. करंगळीपेक्षा थोडी मोठी बाटली. नाशिकच्या त्या धर्मादाय रुग्णालयात दारावरच्या पाटीवर नाव डॉक्टर अमोल यांचं होतं, पण गुरुवार सिस्टरचा आहे हे लिफ्टमनपासून सगळ्यांना ठाऊक होतं. चार वर्षं हा विभाग तीच चालवत होती आणि चांगला चालवत होती, असं तिचं स्वतःचंही मत होतं.

डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज येते. कुणाला साखरेमुळे, कुणाला नुसत्या वयामुळे. मग माणसाची मधली नजर जाते. समोर उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा पुसला जातो, पण त्याच्या बाजूचा दरवाजा, दरवाज्यावरचं तोरण हे सगळं दिसत राहतं. त्यावर उपाय म्हणजे दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. डोळ्यात सुई म्हटल्यावर भल्याभल्यांचे पाय लटपटतात. स्नेहल त्यांना सांगायची की मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही. तिने स्वतः ते कधी घेतलेलं नव्हतं, पण सांगण्यात अडचण कसली.

एका बाटलीतून दहा सुया भरायच्या. बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची. म्हणून दहा माणसं एकाच दिवशी बोलवावी लागत. बुधवारी फोन करायचे, गुरुवारी आले की बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे, ज्या डोळ्यात सुई द्यायची त्याच्यावर कपाळाला जांभळ्या मार्करने बाण काढायचा, म्हणजे डाव्याचं उजवं व्हायला नको, आणि अंधारखोलीत नेऊन बसवायचं. अंधारखोली म्हणजे जाड पडदे लावलेली लांबट खोली, भिंतीशी स्टीलच्या दहा खुर्च्या. थेंबांनी बाहुली मोठी झाली की उजेड सोसत नाही. वर नजर धूसर. माणूस उठला की ठेचकाळणार. म्हणून खुर्चीत बसवताना स्नेहलचं एक ठरलेलं वाक्य असायचं, “नाव पुकारेपर्यंत उठायचं नाही.”

शेवटी राहायचा फॉर्म. त्यात खाली एक रकाना होता, ‘सोबत कोण’. एक डोळा पट्टीत, दुसरा आधीच अधू, अशा माणसाला एकटं सोडायचं नाही हा नियम. सोबत कुणी नसेल तर इंजेक्शनच नाही. इंजेक्शन झालं की रुग्णाचा हात सोबतच्या माणसाच्या हातात द्यायचा, तोपर्यंत त्याची जबाबदारी रुग्णालयाची. पण लांबून पहाटेची बस पकडून एकटी आलेली म्हातारी माणसं परत पाठवायला स्नेहलचं मन धजायचं नाही. अशा वेळी ती त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहायची आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांना रिक्षाने सीबीएसच्या बसस्थानकावर नेऊन गाडीत बसवायची. डॉक्टरांना हे माहीत होतं. ते तिकडे काणाडोळा करत. स्नेहलला या गोष्टीचा थोडा अभिमान होता, आणि तो असायला हरकतही नव्हती.

गोजराबाई पौषातल्या एका गुरुवारी आली. हरसूलच्याही पुढच्या एका पाड्यावरची, शहात्तर वर्षांची. हिरवं लुगडं, पाय अनवाणी. उजव्या डोळ्याचं पहिलं इंजेक्शन. मुलगा गोरक्ष दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेलेला, म्हणून एकटीच आली होती. स्नेहलने रकान्यात आपलं नाव घातलं आणि म्हणाली, “मी सोडते आजी तुम्हाला गाडीपर्यंत. आता इथं बसा. नाव पुकारेपर्यंत उठायचं नाही.” बाण काढताना मार्कर सुकत आलेला होता, त्यात बाईने पदराने कपाळ पुसलं आणि बाणाचं टोक गेलं. पुन्हा काढू, असं म्हणून स्नेहल तशीच पुढे गेली. दारापासून तिसरी खुर्ची.

त्या दिवशी भरलेल्या दहा सुयांपैकी एक खाली पडली. खाली पडलेली सुई वापरत नाहीत. माणसं दहा, सुया नऊ. कुणाला तरी पुढच्या गुरुवारी बोलवावं लागणार होतं आणि जो कटकट करणार नाही त्यालाच बोलवतात, हे कुठल्याही कार्यालयात चालतं तसं इथेही चाललं. स्नेहलने गोजराबाईला सांगायचं ठरवलं. तेवढ्यात कळवणचे खंडेराव टेबलावरून उतरताना चक्कर येऊन बसले. त्यांचा रक्तदाब, पाणी, सलाईन, त्यांच्या सुनेची समजूत. दुपारी यादी बंद करायची होती. गोजराबाईच्या नावापुढे काय लिहायचं? सुई पडली हे लिहिलं असतं तर चार सह्या आणि एक चौकशी. स्नेहलने लिहिलं, ‘गैरहजर’. पुढच्या आठवड्यात बोलावून घेऊ, मग काय फरक पडतो, असं तिला वाटलं. आणि मग ती सांगायलाच विसरली. साडेपाचला घरी गेली.

साडेसहाला झाडू मारायला आलेल्या चिमणाबाईला अंधारखोलीत म्हातारी दिसली. हात मांडीवर, पाठ ताठ. चिमणाबाई तिला म्हणाली की सगळे गेले, आता काय बसलीस. तर ती म्हणाली, सिस्टरनी उठू नको सांगितलंय. चिमणाबाईने तिला फाटकापर्यंत आणून सोडलं. पुढे ती कशी गेली ते तिला ठाऊक नव्हतं, असं तिने दुसऱ्या दिवशी सिस्टरला सांगितलं.

पुढच्या तीन बुधवारी फोन लागला नाही. पाड्यावर रेंज नव्हती आणि फोन गोरक्षबरोबर हिंडत असायचा. तो लागला चैत्रात. गोरक्ष शांतपणे बोलला. आई गेली म्हणाला. डोळ्यात रक्त उतरलं होतं, विहिरीच्या पायऱ्या उतरताना शेवटची पायरी दिसली नाही.

“तवा लय वाट बघितली तिनं,” तो म्हणाला. “रातभर सीबीएसवरच बसून राह्यली होती. गाडी समोर लागली तरी चढली नाय. सिस्टर सोडाया येनार हाय म्हने.”

स्नेहलने फोन ठेवला आणि बराच वेळ हात धुतले. तिला फार वाईट वाटलं. पण वहीतला शब्द तिने बदलला नाही. बदलायचा म्हणजे सांगावं लागणार, आणि सांगितलं म्हणजे गुरुवार तिच्याकडे राहणार नव्हता. त्यातून एक गोष्ट अशी झाली की डॉक्टरांच्या नजरेला ती नोंद पडली. तारखा चुकवणाऱ्या रुग्णांना धाक घालायला त्यांना असं उदाहरण हवंच होतं. “हरसूलकडच्या एक गोजराबाई होत्या,” ते नव्या माणसांना सांगायला लागले, “ठरल्या दिवशी आल्या नाहीत. डोळा गेला, मग जीवही गेला.” शेजारी उभी राहून स्नेहल मान हलवायची. ते कामात असले की हे तिलाच सांगावं लागायचं. महिनाभरात तिला ते पाठ झालं.

त्या सुमारास चिमणाबाईच्या लक्षात आलं की अंधारखोलीत एक माणूस नेहमी उभा असतो. खुर्च्या दहा, माणसं दहा, तरी एक भिंतीला टेकून उभा. तिसरी खुर्ची रिकामी. चिमणाबाईने हे सिस्टरच्या कानावर घातलं. स्नेहल आत गेली तर खंडेराव उभे होते. गुडघ्यांनी जेरीला आलेला माणूस. तिने त्यांना तिसऱ्या खुर्चीत बसायला सांगितलं.

“तठे बाई बठेल शे,” खंडेराव खालच्या आवाजात म्हणाले.

तिथे कुणीही बसलेलं नाही हे दाखवायला स्नेहलने खुर्चीवर हात ठेवला. स्टील गार होतं. खोलीच गार होती, त्यात नवल नव्हतं. खंडेराव तिच्या हाताकडे न बघता अदबीने थोडे बाजूला सरकले.

पुढच्या गुरुवारी दुसरी माणसं होती. तीच खुर्ची रिकामी होती. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. या माणसांची एकमेकांशी ओळखही नव्हती, कुणी मालेगावचं, कुणी सिन्नरचं. स्नेहलने डॉक्टरांना विचारलं. ते हसले आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं. मधली नजर गेली की मेंदूला रिकामी जागा बघवत नाही, तो ती भरून काढतो. रुग्णांना माणसं दिसतात, मुलं दिसतात, कधी घोडेसुद्धा. त्याला एक परदेशी नावही आहे. वेड नाही, घाबरण्यासारखं काही नाही, वेड्यात काढतील म्हणून लोक सांगत नाहीत एवढंच. स्नेहलला एकदम हायसं वाटलं. सगळ्यांना एकाच खुर्चीत एकच बाई कशी दिसते, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण मिळालेलं उत्तर चांगलं होतं, ते कशाला बिघडवायचं.

मग येवल्याची ठमाबाई आली. चाळीस वर्षं पैठणीच्या मागावर बसलेली बाई. पदरावरच्या मोराच्या डोळ्यात एक तार चुकली तरी तिला कळायचं. आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. समोरचं बघायचं असलं की ती मान वळवून तिरपं बघायची, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. थेंब घालून स्नेहलने तिला चौथ्या खुर्चीत बसवलं. पुन्हा थेंब घालायला गेली तेव्हा ठमाबाईने तिचं मनगट धरलं.

“सिस्टर, हिला आधी घ्या ना. लय येळ बसलीय ही.”

“कुणाला, आजी?”

“सरळ बघितलं की नाय दिसत. मान वळवली की दिसती…” ठमाबाईने मान वळवली. “हिरवं लुगडं हाय. काठ इरलाय त्याचा. पायात काय नाय.”

स्नेहल म्हणाली की डोळ्यांच्या आजारात असे भास होतात. परदेशी नावही तिने सांगितलं. ठमाबाईने ते ऐकून घेतलं.

“बाण हाय तिच्या कपाळाला,” ती म्हणाली. “उजव्या डोळ्यावर, आमच्यासारखाच… पर टोक पुसलंय त्याचं.”

अंधारात थेंबांची बाटली स्नेहलच्या हातातून पडली नाही, पण थेंब ठमाबाईच्या गालावर पडला. टोकाचं कुणालाही माहीत नव्हतं. चिमणाबाईलासुद्धा नाही. खोलीत सर्दीच्या मलमाचा, घामाचा, बेटाडीनचा रोजचाच वास होता.

“काय म्हणतीय ती?” स्नेहलने विचारलं. आपण हे विचारलं याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

“काय नाय. उठायचं नाय सांगितलंय, येवढंच म्हणती.”

तो आठवडा स्नेहलने कसाबसा काढला. घरी आमटीत मीठ दोनदा पडलं. बुधवारी तिने फोन केले ते नऊच. दहावं नाव तिने यादीत स्वतःच्या हाताने लिहिलं आणि फायलींच्या कपाटातून गोजराबाईचा जुना फॉर्म काढून बाकीच्या फॉर्मांखाली लावला. तो तसा पूर्ण भरलेलाच होता, नव्याने काही लिहायची गरज नव्हती.

गुरुवारी दहा सुया भरल्या. नऊ माणसांची नऊ इंजेक्शनं होणार होती, पण आठवं झाल्यावर स्नेहलने क्रम मोडला. ती अंधारखोलीच्या दारात गेली. आठ जण पट्ट्या बांधून सोबतच्या माणसांची वाट बघत पुन्हा तिथेच बसले होते, एक जण अजून व्हायचा होता. दारापासून तिसरी खुर्ची रिकामी. चार महिन्यांत हे नाव तिने धाक घालायलाच घेतलं होतं, हाक म्हणून एकदाही नाही.

“गोजराबाई,” तिने पुकारलं. “उजवा डोळा. चला…”

काही झालं नाही. पंखा फिरत होता. मग दुसऱ्या खुर्चीतल्या बाईने पाय मागे घेतले. ते का घेतले तिलाही सांगता आलं नसतं. मग पहिलीतल्या बाईनेही घेतले. दाराकडच्या दोघी बायकांनी गुडघे आक्रसून वाट करून दिली, एकीने तर पिशवीही मांडीवर उचलून घेतली. स्नेहल दार धरून उभी राहिली. जेवढा वेळ अनवाणी म्हाताऱ्या माणसाला सहा पावलं चालायला लागतो तेवढा वेळ उभी राहिली आणि मग तिने दार लावलं.

“पुढचं कोण?” डॉक्टरांनी हातमोजे घालत विचारलं. टेबल रिकामं होतं.

“गोजराबाई. हरसूल. उजवा डोळा.”

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. नाव त्यांना चांगलं पाठ होतं. स्नेहलने चार वाक्यांत सगळं सांगितलं. सुई पडली. मी तिला सांगितलं नाही. ती दिवसभर आत बसली होती. गैरहजर मी लिहिलं. डॉक्टरांनी हातमोजे काढले. ते रागावले नाहीत. इतके दिवस आपण काय सांगत होतो हे त्यांना बहुधा आठवलं. मग म्हणाले, हे लेखी द्यावं लागेल सिस्टर. स्नेहल म्हणाली, देते. तिने वही आणली, ‘गैरहजर’ खोडलं आणि त्यावर लिहिलं, ‘हजर होत्या. इंजेक्शन दिलं नाही. चूक माझी.’ दहावी सुई भरलेली होती तशीच तिने डॉक्टरांसमोर नष्ट केली.

चौकशी बसली. गुरुवार महिनाअखेरीस दुसऱ्या सिस्टरकडे जाणार असं ठरलं. स्नेहल घरी जाऊन रडली आणि मग तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढच्या गुरुवारी तिसऱ्या खुर्चीत खंडेराव आपणहून बसले आणि घोरायला लागले. चिमणाबाईने येऊन हे सांगितलं तेव्हा स्नेहलला हसू आलं. काम हलकं वाटत होतं. ठमाबाईच्याही दुसऱ्या डोळ्याचा नंबर होता. सुई झाली, डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे बोटं नाचवून किती आहेत विचारलं, तिने दोन सांगितली, ती दोनच होती. स्नेहलने तिला बाहेर आणलं, सून बाकावर बसलेली होती. ठमाबाईचा हात तिने सुनेच्या हातात दिला. ठमाबाई निघाली नाही. पट्टी नसलेला डोळा तिने तिरपा केला आणि स्नेहलच्या डाव्या बाजूला, थोडं खाली, बघत राहिली.

“झालं का हिचं? बरं झालं बाई…” ती म्हणाली. “पट्टी बी बांधलीया.”

स्नेहलने सुनेच्या हातात औषधांची चिठ्ठी दिली.

“मग हिला कवा सोडणार, सिस्टर? हिचं माणूस कुटं हाय?”

“कुणाचं?”

“तुमचा हात धरून उभी हाय ना ती.”

सून ओशाळून सासूला ओढायला लागली. स्नेहल आत गेली. कपाटातून तिने तो फॉर्म काढला. वय शहात्तर. डोळा उजवा. सोबत कोण? तिच्याच वळणदार अक्षरात, तिचंच नाव. मागच्या आठवड्यात तो तिने डोळ्यांखालून घातला होता आणि हा रकाना तिने वाचलाच नव्हता.

तिने डॉक्टरांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं नाही. फाटकाबाहेर तिने रिक्षा केली, आधी बाजूला होऊन थोडं थांबली, मग बसली. हे ती कशासाठी करत होती, ते कुणी विचारलं असतं तर तिने भास म्हणून सांगितलं असतं. परदेशी नावासकट. तिची नजर मात्र दोन्ही डोळ्यांनी अगदी स्वच्छ होती, दर वर्षी तपासलेली. डावं मनगट गार पडलं होतं.

सीबीएसला हरसूलची गाडी लागलेली होती. बारा वाजलेले, ऊन रणरणतं. गाडी निम्मी रिकामी. स्नेहल दोघांच्या सीटवर बसली, खिडकीकडची जागा सोडून. पुढच्या सीटवर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं होतं, त्याचा वास येत होता आणि त्यात कुठूनतरी बेटाडीनचा. कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला. चांगला तिशीतला, चष्मासुद्धा नसलेला माणूस.

“एक हरसूल,” स्नेहल म्हणाली.

त्याने महिलांचं अर्धं तिकीट काढून दिलं. मग खिडकीकडे बघून म्हणाला, “पंच्याहत्तरच्या पुढच्या ना या? आजींचं आधार कार्ड दाखवा.”

स्नेहल हातातल्या तिकिटाकडे बघत राहिली.

“राहू द्या,” कंडक्टर म्हणाला. “पट्टी बांधलीय, कुठे पिशवी उचकायला लावू. जपून न्या.”

तो पुढच्या सीटकडे वळला. गाडी सुटली, त्र्यंबक नाक्यावरून वळली. स्नेहल समोर, अगदी सरळ समोर बघत राहिली. मान तिने वळवली नाही. हरसूल दोन तासांवर होतं, आणि पाड्यावर कुणाच्या हातात हात द्यायचा, ते तिला अजून माहीत नव्हतं.